नावं ठेवणारी नसीमताई

आमच्या जिन्याची अकरावी पायरी पिवळी हाय. ती नसीमताईनं रंगवली. माणमधली आमची जमीन कंपन्यांकडं गेली तवा मामांनी, म्हंजे माझ्या सासऱ्यांनी, ऱ्हायल्याल्या तुकड्यावर तीन मजले चढवले आन् खोल्या भाड्यानं द्यायला लागले. तो जिना बांधताना गवंड्यानं अकरावी पायरी दोन बोटं उंच केली. आमी सगळी तिला अडखळायचो, मी तर पोटुशी असताना दोनदा अडखळले, पण आमाला वाटायचं आपलंच ध्यान नसतं. नसीमताई पेटी घेऊन पहिल्यांदा वर चढली, अडखळली, पेटी खाली ठिवली, उतरली, परत चढली, असं तीनदा केलं. मग वीत लावून मोजलं आन् मामांना म्हणली, काका, तुमचा पाय चुकत नाही, पायरी चुकलीये. मामा म्हणाले बघू. दोन महिने त्यांनी बघितलं न्हाई, तवा तिनंच डबा आणून पिवळा रंग दिला.

कामच तिचं तसलं. हितल्याच एका काचेच्या बिल्डिंगीतल्या कॉम्प्युटरच्या कंपनीत ती टेस्टर व्हती. मी इचारलं टेस्टर म्हंजे काय, तर म्हणली, दुसऱ्यांनी केलेल्या कामाला नावं ठेवायची आणि पगार घ्यायचा. आत्या, म्हंजे माझी सासू, हे ऐकून म्हणली, आगं मग मला पण लाव की तितं. नसीमताई हासली न्हाई. खरंच इचार करतीया असं तोंड करून म्हणली, मावशी, तुम्ही लगेच सीनियर व्हाल.

ती भोरकडची. तिचे वडील तितं बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. पस्तिशीची असंल, लग्न केल्यालं न्हाई, जाड चष्मा, आन् खांदा एका बाजूला पडल्याला, सारखी ती कॉम्प्युटरची बॅग अडकवून. खोली देताना आत्यानं तिला इचारलं व्हतं, मटण शिजवणार का. ती म्हणली, तुम्ही शिजवता का? आत्या म्हणली, रविवारी. मग मीपण रविवारीच, म्हणली. तवापासनं दर रविवारी दोघी एकमेकींच्या रश्शाला नावं ठिवायच्या आन् वाट्या पुसून खायच्या.

नळ ती तीनदा उघडून बंद करायची. कुलूप लावलं की ओढायची, चार पावलं जायची, परत येऊन ओढायची. खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची हलवायची. तिची एक निळी वही व्हती, तिच्यात सगळ्या जगाचे दोष नंबर टाकून लिहिल्यालं. आमच्या घराचे पण व्हते. कोंबडा खिडकीत बसतो. टाकीचं झाकण वाऱ्यानं उडतं. सारिका जेवताना उठते. सारिका म्हंजे मी. ते वाचून मी म्हणलं, ताई, हा कसला दोष? ती म्हणली, तू दर घासाला उठून पोरीला बघून येतेस. मोजलंय मी.

ते खरं व्हतं. मी पहिल्यापासनं भित्री न्हाई, नंतर झाले. माझी पहिली पोरगी नवव्या दिशी गेली. बाराव्या दिशी बारसं व्हतं, पाळणा उसना आणल्याला, घुगऱ्यांचं हरभरं पण आणल्यालं. नाव मी मनात ठिवलं व्हतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं, बारशाआधी सांगत न्हाईत म्हणून. ती गेली आन् पाळणा ज्याचा त्याला परत गेला. मी रडायला लागले की आत्या म्हणायची, नाव न्हाई गाव न्हाई, रडतीस कुणाच्या नावानं? आत्या वाईट बाई न्हाई. तिचं पण एक असंच गेल्यालं, तिला पण कुणीतरी असंच सांगितलं असंल. मग दोन वर्सांनी स्वरा झाली आन् मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायला लागले, श्वास हाय का बघत. झोपली की भ्या वाटतं, उठली की भ्या वाटतं. जेवताना उठायचं म्हंजे तेच.

नसीमताईची कामाची पाळी संध्याकाळची, म्हणून दुपारची ती घरी असायची. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला स्वराला घेऊन जायचे, तवा ती दारात बसून कॉम्प्युटरवर काहीतरी करत असायची. कंपनीचं न्हाई, तिचं सोताचं. तीन वर्सं झाली ती एक खेळ बनवत व्हती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसं देणार नव्हतं, नुसती हौस. रोल प्लेइंग म्हणतात, म्हणली, म्हणजे सोंग घ्यायचं. तू वाटाड्याचं सोंग घ्यायचं. हातात एक कंदील आन् एक काठी.

खेळ असा. एका खोऱ्यात धुकं येतंय. साधं न्हाई, माणसं खाणारं. खोऱ्यात एक वस्ती हाय, तितं नऊ माणसं ऱ्हायलीत. वाटाड्यानं त्यांना गोळा करून डोंगरावरच्या गडात न्यायचं. पण मधी झुलता पूल हाय आन् त्या पुलावरनं वाटाड्याबरूबर सातच माणसं जात्यात. दोघांना ठिवून जायचं. ठिवलं की ती धुक्यात उभी ऱ्हात्यात, आन् तुमी गडाकडं चालायला लागलं की मागनं त्यांच्या हाका येत्यात. मी म्हणलं, ताई, असला कसला खेळ? ती म्हणली, तुझ्यासारखीच मी पण भिते, सारिका. मी बनवते, तू उठून बघतेस.

तिनं माझ्या मोबाईलमधी तो घालून दिला. म्हणली, जगापुढं टाकायच्या आधी तू खेळ आणि नावं ठेव. लाजायचं नाही. एकालाही सोडू नको, सगळ्यांना नावं ठेव.

आता त्या माणसांच्या डोक्यावर नुसतं लिहिल्यालं व्हतं, म्हातारी १, म्हातारा २, मेंढपाळ ३, असं. मला वाटलं, व्हय की, ह्यांना नावं न्हाईत, ती माझ्याकडनं ठिवून घ्यायचीत. मी नववी नापास, मला कुणी असलं काम कवा दिलं नव्हतं. आठ दिवस मी तेच केलं. कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीमागं लिहिलं. म्हातारी वाकून चालायची आन् सारखी कंबरंला हात लावायची, ती ठकूबाई. मेंढपाळ बिरा. पाण्याची घागर खाली ठिवत न्हाई ती बाई सुला. नऊ नंबरला एक लहान पोरगी व्हती, दीड-दोन वर्सांची, लाल झबलं, दुडुदुडु चालायची आन् मधीच बसायची. तिच्या म्होरं मी चार दिवस काय लिहिलं न्हाई. पाचव्या दिशी लिहिलं, ओवी. ते नाव त्याआधी मी कुटंच लिहिलं नव्हतं. लिहिल्यावर मी पान घडी घालून ब्लाऊजमधी ठिवलं.

मी ते पान नेऊन दिलं. नसीमताईनं वाचलं, आन् तिला कळलं मी काय केलंय, आन् ती एवढी हासली की चष्मा काढून जमिनीवरच बसली. म्हणली, आगं नावं ठेव म्हणजे चुका काढ. मी तर लाजंनं मेले. पान हिसकून घ्यायला गेले तर तिनं दिलं न्हाई. परत वाचलं. ह्या वेळी हासली न्हाई.

"म्हातारी एकला सोडून पूल ओलांडता येतो," ती म्हणली. "ठकूबाईला सोडून कसं जायचं?"

तीन वर्सं त्या खेळात काय कमी हाय ते तिला सापडत नव्हतं म्हणं. तिनं नऊच्या नऊ नावं तशीच घातली. ओवीवर बोट ठिवून इचारलं, हे कुठनं सुचलं? मी म्हणलं, असंच.

त्याच आठवड्यात स्वराला लस दिली व्हती, ती किरकिरत व्हती. नसीमताईनं मोबाईल पुढं करून इचारलं, आवाज घेऊ का, खेळाला लागतोय. मी म्हणलं घ्या की. मला काय म्हाईत.

मग तिनं खेळ जगापुढं टाकला. असले हौशी खेळ बनवणाऱ्यांची एक जागा असती नेटवर, तितं टाकायचं आन् लोकांनी खेळून चुका सांगायच्या. तिनं वर लिहिलं, एकटीनं बनवलाय, पहिलाच आहे, मोकळेपणानं नावं ठेवा. आन् गंमत म्हंजे जी बाई सगळ्या जगाला नावं ठिवायची ती सोताच्या टायमाला अशी घाबरली की इचारू नका. लोकांनी काय लिहिलंय ते उघडायच्या आधी मला बोलवायची, माझ्या पदराचं टोक धरायची आन् चष्मा काढून बघायची, म्हंजे आधी नुसतं धुरकट दिसंल. लांबलचक लिहिलंय का थोडं, एवढं आधी बघायची. मग चष्मा घालून मला मराठीत सांगायची.

कुठकुठल्या लोकांनी लिहिलं. एक म्हणला धुकं चांगलं जमलंय. एक म्हणला अक्षरं बारीक. ती वहीत नंबर टाकत गेली. मग एकानं लिहिलं व्हतं, सोपी युक्ती सांगतो, ती ओवी लई सावकाश चालते, तिच्यामुळं सगळे अडकतात, तिला पहिल्यांदाच विहिरीपाशी सोडून द्या. त्याच्या खाली दुसऱ्यानं, तिसऱ्यानं, व्हय व्हय, ओवीला सोडा. एक जण म्हणला, मी अकरा वेळा खेळलो, अकराही वेळा ओवीला सोडलं. नसीमताई वाचत व्हती आन् मला तिचं तोंड हालताना दिसत व्हतं, पण कानात नुसतं ओवी, ओवी, ओवी. माझ्या पोरीचं नाव घरात कुणी एकदा घेतलं न्हाई आन् हितं जगातली माणसं ते घेत व्हती आन् तिला विहिरीपाशी सोडत व्हती. मी कपड्याची बादली तशीच टाकून खाली आले.

दुसऱ्या दिशी दुपारी मी खाली स्वराला मांडीवर घेऊन बसले व्हते. ती झोपल्याली. आन् वरनं तिचं रडणं आलं. मांडीवर झोपल्याली, श्वास चालू, तोंड मिटल्यालं, आन् रडणं वरनं. तिचंच. आईला कळतं.  मग थांबलं, परत आलं. वर नसीमताई खेळ तपासत व्हती आन् तिनं ओवीला सोडून बघितलं असंल, एवढं मला डोक्यानं कळत व्हतं, पण डोकं कोन ऐकतंय. मला वाटलं, मी मेल्यालीला नाव दिलं, आन् तिनं जितीचा आवाज घेतला.

त्याच्या दुसऱ्या दिशी स्वराला ताप भरला. बावधनला डॉक्टरकडं नेलं, ते म्हणले लसीचा पण असंल, सर्दीचा पण असंल, औषध द्या. आत्यानं मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी पोरीला तशीच घेऊन वर गेले आन् म्हणलं, ताई, ते नाव काढून टाका.

ती म्हणली का. मी म्हणलं काढा. ती म्हणली, सगळ्यात चांगलं नाव आहे ते, दोष सांग, मग काढते. आन् मग माझ्या तोंडातनं ते आलं, जे चार वर्सं आलं नव्हतं. मी म्हणलं, ती माझी पोरगी हाय.

नसीमताईनं कॉम्प्युटर मिटला. मला वाटलं आता ही पण म्हणंल की देवाची मर्जी, झालं गेलं. तिनं निळी वही घेतली, नवीन पान काढलं आन् इचारायला लागली. कुठल्या वारी झाली? दुपारी का सकाळी? केस होते का? रडायची कशी, बारीक का मोठ्यानं? डावीकडं पाजायचीस का उजवीकडं? मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मला म्हाईतच नव्हतं की मला एवढं आठवतंय. तिच्या कानावर बारीक लव व्हती, ते पण मी सांगितलं. चार वर्सांत मला हे कुणी इचारलं नव्हतं, ह्यांनी, म्हंजे माझ्या नवऱ्यानं, पण न्हाई. त्यांची काय चूक, त्यांना पण घरात तेच सांगितल्यालं.

मग ती म्हणली, "नाव काढता येतं आणि ठेवताही येतं. तू सांगशील तसं."

मी म्हणलं, "काढलं तर ती कुटं जाईल?"

"मला नाही माहीत," ती म्हणली. ती खोटं बोलायची न्हाई कवा.

मी म्हणलं मग राहू द्या, पण तिला कुणी सोडायचं न्हाई असं करा. ती म्हणली तसं केलं तर खेळच मोडतो, सोडता येतं म्हणून तर नेण्याला किंमत आहे. मी रडायला लागले, आन् रडता रडता मला राग आला. मोबाईलमधली ती लाल झबल्याची पोरगी धुक्यातनं दुडुदुडु येतीया, मधीच बसतीया, आन् तो वाटाड्या म्होरं चाललाय.

"एवढ्याशा पोरीला चालवत कोन नेतं, ताई? कडंवर घ्यायचं ना. एसटीत सुद्धा मांडीवरच्या पोराला तिकीट न्हाई, ते मोजत न्हाईत. तुमच्या पुलावर कसं मोजलं?"

नसीमताईचा हात वहीवर तसाच ऱ्हायला. मग तिनं कपाळाला हात लावला. म्हणली, तीन वर्सं. अगं तीन वर्सं मी तिला चालवतेय. आन् वहीत नंबर टाकून लिहिलं, लहान मूल चालवले आहे, कडेवर घेणे. खाली माझं नाव लिहिलं, दोष काढणारी सारिका.

चार दिवस तिचं दार बंद. स्वराचा ताप दुसऱ्याच दिशी उतरला व्हता, पण मी काय कुणाला बोलले न्हाई, बोललं की परत यील असं वाटायचं. पाचव्या दिशी तिनं बोलावलं. आता वाटाड्या वाकला की ओवी त्याच्या कडंवर बसायची, मान खांद्यावर टाकून. पुलावर तिची मोजणी न्हाई. पण एक हात तिच्याखाली गुतला म्हंजे कंदील घ्यायचा का काठी, एकच काहीतरी. खेळ आधीपेक्षा अवघड झाला व्हता. तिला खाली ठिवायचं बटण पण व्हतं, ते तिनं काढलं न्हाई. म्हणली, ते नसेल तर कडेवर घेतल्याला अर्थ नाही. रडण्याचा आवाज मातुर काढला व्हता. आता कडंवर असली की नुसता श्वास यायचा, बारीक, झोपल्यावानी.

लोकांनी परत लिहिलं. काही जण चिडले, म्हणले एका हातानं कसं चालायचं अंधारात. एक बाई कुठल्या तरी लांबच्या देशातली, तिनं लिहिलं व्हतं, मी कंदील टाकून दिला आणि तिला घेऊन तशीच गेले. नसीमताईनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिनं चष्मा घातलाच न्हाई, पाठ झालं व्हतं.

मग तिच्या कंपनीनं तिच्या सगळ्या टोळीला काढलं. आता मशीनच नावं ठेवतं म्हणली. हासून म्हणली, पण त्या दिशी तिनं नळ तपासला न्हाई. वडिलांची नजर गेल्याली, ती भोरला परत निघाली. जायच्या आदल्या दिशी मी पहिल्यांदा खेळ शेवटपतूर नेला. ओवीला कडंवर घेऊन गडाच्या दारात गेले. दार उघडलं आन् समूर पाटी आली, गडावर पोचलेले, आन् खाली नावं. ठकूबाई, बिरा, सुला, अशी सात. ओवी न्हाई. पुलावर मोजली न्हाई म्हणून पाटीवर पण आली न्हाई.

सकाळी टेम्पो दारात उभा, गादी, गॅस, कुकर सगळं चढल्यालं, ती डायव्हरशेजारी बसल्याली, तवा मी पळत गेले आन् सांगितलं. म्हणलं, ताई, मी तिला नेली, पण पाटीवर तिचं नाव न्हाई. आत्या मागं उभी व्हती. इतके दिवस तिला आमी काय सांगितलं नव्हतं. ती म्हणली, कुणाचं नाव? मी म्हणलं, ओवीचं. माझ्या पहिल्या पोरीचं नाव हाय ते. आत्यानं स्वराला माझ्याकडनं घेतलं आन् तितंच उभी ऱ्हायली.

त्यानंतर नसीमताईचे दोन मेसेज आले. नवीन खेळ पाठवलाय, शेवटपर्यंत जाऊन बघ. आन् मग, दिसलं का? मी उत्तर दिलं न्हाई, कारण मी बघितलं न्हाई. मी गडाच्या दारापतूर जाते आन् थांबते. आत गेलं की खेळ संपतो, मग तिला उतरवावं लागंल. कडंवर तिचा श्वास येतोय तवर मी उभी ऱ्हाते. आता नसीमताईचा नंबर लागत न्हाई. हे म्हणत्यात नवीन घेतला असंल. मला भलतंसलतं वाटतं, पण माझं काय, मला सगळ्याचंच वाटतं.

त्या सकाळी डायव्हर सारखा हॉर्न देत व्हता. नसीमताईनं त्याला एक बोट दाखवलं, एक मिनिट, आन् बॅगेतनं कॉम्प्युटर काढून मांडीवर उघडला. टेम्पो सुरू झाला तरी तिनं मान वर केली न्हाई, आमाला हात पण केला न्हाई. गल्लीच्या वळणावर टेम्पो जरा थांबला, म्होरं म्हशी आल्या व्हत्या. मी पळत काचंपतूर गेले. ती पडद्यावर बोट ठिवून वरनं खाली येत व्हती आन् तिचे ओठ हालत व्हते. ती मोजत व्हती. सातवर बोट थांबलं, मग आणखी एक खाली आलं, आन् ओठ मिटले. म्हशी गेल्या.